भिंतीपाशी उरलेली हंडी

सकाळचे ऊन कॅल्डरच्या लॉजमध्ये कधीच सरळ येत नसे. आधी ते समोरच्या कड्याच्या माथ्यावर उतरे, तिथल्या बर्फाला क्षणभर फिकट जांभळे करी, मग पिठासारखे पांढरे, आणि पुढचे काम विसरल्यासारखे तिथेच थबके. खाली दरीत तोवर निळसर काळोख साचलेला असे. मग केव्हातरी कड्याच्या खाचेतून एक अरुंद पट्टा सुटे, लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्यांवरून एकेक करत खाली येई आणि लॉजच्या पूर्वेकडच्या काचांवर येऊन टेके. काचांवर रात्रीची बर्फाची नक्षी असे, त्यामुळे आत शिरणारे ऊन ताकासारखे पातळ आणि गढूळ दिसे. स्कीच्या जड बुटांनी खड्डे पडलेल्या फरशीवरून ते सरके, बाकांचे पाय चढे, वाळत टाकलेल्या लोकरी मोज्यांवर रेंगाळे. सर्वांत शेवटी ते पश्चिमेच्या भिंतीशी पोचे, जिथे एका लांब फळीवर हंड्या मांडलेल्या असत. एकेका झाकणावर एकेक ठिणगी पेटे आणि पुढच्या झाकणाकडे जाई. फेब्रुवारीतल्या कोणत्याही सकाळी कुणीही पाहावे असे ते ऊन होते. त्या सकाळचेही तसेच होते. मी ते पुष्कळदा आठवून पाहिले आहे. त्यात वेगळे असे काहीही नव्हते.

हंड्यांची ती रांग ही आमच्या डोंगराची रीत. कॅल्डरवर उपाहारगृह नाही. सकाळी येताना प्रत्येक घर आपापली विजेची हंडी घेऊन येते, झाकणावर चिकटपट्टी लावून नाव लिहिते, भिंतीतल्या बटणाला जोडते आणि डोंगरावर जाते. दुपारी कुणीही कुणाच्याही हंडीतून वाढून घ्यावे, फक्त तळ खरवडू नये. संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्या की ज्याने त्याने आपली हंडी उचलायची. आम्ही डोंगरावरचे गस्तवाले शेवटचा फेरा मारतो, म्हणजे ओळीने सगळे उतार हाका मारत उतरतो आणि कुणी मागे राहिले नाही ना ते पाहतो. पण खरा हिशोब खाली होतो, त्या फळीवर. फळी रिकामी झाली की सगळे उतरले. हंडी उरली की माणूस वर उरला. माझ्या जन्माच्या आधीपासून हे असेच आहे आणि ते कधी चुकलेले नव्हते.

त्या सकाळी मी पहाटेचे काम उरकून कॉफीचा कप हातात धरून खिडकीपाशी उभा होतो. मला असे कडेला उभे राहणेच जमते. फळीपाशी नेहमीची गर्दी होती आणि तिच्या मधोमध बाबांचा जुना मित्र ऑग्डेन, ज्याची दाढी बाराही महिने ओली वाटते.

बाबा दारातून आत आले. हातात हंडी, खांद्यावर स्की, अंगात ते लाल जॅकेट, ज्यावर मूळ कापडापेक्षा चंदेरी चिकटपट्टीच जास्त उरली होती.

"काय हॉलिस, आज काय शिजवलंस?" ऑग्डेनने विचारले. "परवासारखे बूट नाही ना उकळलेस?"

"परवाचे बूट तुझे होते, ऑग्डेन. म्हणून तर वास जाईना."

"अरे, दोनदा वाढून घेतलं मी!"

"मग? स्वतःच्या पायाचा वास माणसाला गोडच लागतो."

सगळे हसले. बाबांनी हंडी फळीवर ठेवली. एल्क हरणाच्या मांसाचा रस्सा असणार, गाजरे आणि बार्ली घातलेला. आई गेल्यापासून त्यांना तेवढेच येते आणि तेवढेच ते मन लावून करतात. चिकटपट्टीवर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिले होते, ब्रँडवोल्ड. बटण दाबण्यासाठी ते वाकले, आणि उठताना त्यांनी फळीची कड दोन्ही हातांनी धरली. मी ते पाहिले. फरशी ओली आहे, असे मी मनाशी म्हटले.

"काल काय मजा झाली, ऐका," ऑग्डेन सांगू लागला. "रस्ता चुकून एक जोडपं आलं इथं. पांढरेशुभ्र कपडे, बाईच्या टोपीला कोल्ह्याची शेपटी. मला म्हणते, स्की कुणाकडे द्यायच्या? मी म्हटलं, बाईसाहेब, स्की कुणाला द्यायच्या नसतात, पायात घालायच्या असतात!"

"क्राऊन रिजची गिऱ्हाइकं," कुणीतरी म्हणाले.

"मग दुसरं कोण? तिकडं स्की उचलायला माणूस असतो, पायऱ्यासुद्धा खालून तापवलेल्या असतात. पडलात तर चार जण धावत येतात, लागलं का हो, म्हणून. इथं आधी पोटभर हसतो आणि मग उचलतो. काय हॉलिस?"

बाबाही हसले. सगळ्यांच्या नंतर, किंचित उशिरा.

आमच्या खोऱ्यात माणसाचे आडनाव विचारण्याआधी त्याचा डोंगर विचारतात. एल्क मेडोचा उतार गावालगत आहे. तिथे सगळ्यांची मुले दोरी धरून पहिल्यांदा उभी राहतात, रडतात आणि त्यांच्या आया खाली थर्मास घेऊन वाट पाहतात. खिंडीपलीकडचा क्राऊन रिज दुरून आलेल्यांचा. त्याचे उतार रोज रात्री यंत्रांनी विंचरून गुळगुळीत केलेले असतात, तिथे माणसे सुखासाठी जातात, आणि दुपारी उतरणाऱ्या प्रत्येकाला सोनेरी कागदात गुंडाळलेले गरम बिस्किट मिळते. आणि कॅल्डर. कॅल्डरला विंचरलेला उतार एकच, तोही नाइलाजाने. बाकी सगळे जसे पडले तसे असते. इथे येणारा माणूस सुखासाठी येत नाही. तो काहीतरी सिद्ध करायला येतो, किंवा काहीतरी विसरायला. शाळेत असताना मी क्राऊन रिजला मित्राच्या वाढदिवसाला गेलो, तेव्हा बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, "तिथं डोंगर माणसाला सांभाळतो. इथं माणसानं स्वतःला सांभाळायचं असतं."

कॅल्डरच्या उत्तर अंगाला एक घळ आहे, दोन कड्यांच्या मधोमध चिमटल्यासारखी. तिला कसाई म्हणतात. ती पहिल्यांदा उतरणारा माणूस माझा बाप. लॉजमध्ये त्याचा फोटो आहे. कृष्णधवल, दाढीत बर्फ, डोळ्यांत कसलीही भीती नाही. मी त्या फोटोखाली वाढलो. गस्तीच्या कामाला लागलो तेही त्या फोटोमुळेच. मला स्वतःला कसाईच्या तोंडाशी उभे राहिले की अजून भीती वाटते, हे मी कुणाला सांगितलेले नाही.

"कसाई उघडणार का आज?" बाबांनी मला विचारले.

"वारं पडलं तर. दुपारनंतर बर्फ येणार म्हणतात."

"हं. मी मागच्या अंगानं जाईन. संध्याकाळी हंडीवर भेटू."

रोज ते एवढेच म्हणत. हंडीवर भेटू. मग त्यांनी स्की खांद्यावर घेतल्या आणि बाहेर पडले. खिडकीतून मी त्यांना पाहत राहिलो. लिफ्टघराच्या कोपऱ्यापर्यंत ते दिसत, मग वळत. कोपऱ्यापलीकडून एक वाट लिफ्टच्या रांगेकडे जाते आणि दुसरी खाली, बसच्या थांब्याकडे. ते वळले. जाताना एक हात भिंतीवर टेकवलेला होता.

मला गेल्या आठवड्यातले एक वाक्य टोचत होते. रात्री जेवताना बाबा म्हणाले होते, "आज कसाई उतरलो. बर्फ मऊ होता, लोण्यासारखा." आणि त्या दिवशी कसाईच्या तोंडाला मी स्वतःच्या हाताने दोर बांधून ती बंद केली होती. मी मान वर केली नाही. दोराखालून गेले असतील, असे मी ठरवले. त्यांच्याशिवाय असे कोण करणार? मला राग आला होता आणि रागाच्या तळाशी, खरे सांगायचे तर, अभिमान होता. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांच्या गाडीत काचेचा बर्फ खरवडायची पट्टी शोधताना सीटखाली एक सोनेरी कागद सापडला. तो मी चुरगळून बाहेर फेकला. वाऱ्याने आला असेल. बंद गाडीत वारा कुठून येतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

दुपारी आभाळ खाली आले. आधी भुरभुर, मग दाट, आणि मग असे की समोरची खुर्ची दिसेना. वारा उत्तरेकडून चढत होता आणि उत्तर अंगावर बर्फ थराथराने साठत होता. त्या थरांचा आवाज मला ओळखता येतो, पोकळ भांड्यावर कुणी हळूच बोट मारावे तसा. चार वाजता लिफ्ट थांबल्या. आम्ही ओळ धरली, हाका मारत उतरलो. "कुणी आहे का? गस्त!" हाक बर्फात शिरे आणि परत येत नसे.

लॉजमध्ये आलो तेव्हा हंड्या उचलल्या जात होत्या. माणसे ओल्या अंगाने, लाल नाकांनी, झाकणे कपड्याने धरून दाराबाहेर पडत होती. "जपून रे, रस्सा सांडेल!" "सांडला तर चाटून घे!" दार उघडे, थंडीचा लोट येई, दार मिटे. फळी मोकळी होत गेली. मग कुणीच आले नाही.

एक हंडी उरली होती. तिचा लाल दिवा जळत होता. झाकण थरथरत होते आणि बाजूने वाफ येत होती. ब्रँडवोल्ड.

"येतील," मी म्हणालो. मला कुणी विचारलेले नव्हते.

आमची प्रमुख डेल्फा टोपीवरचा बर्फ झाडत आत आली. तिने फळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. तीस वर्षांपूर्वी बाबांनीच तिला गस्तीत घेतले होते.

"त्याची गाडी?"

"आवारातच आहे," ऑग्डेन म्हणाला. त्याची हंडी त्याच्या कुशीत होती. तो निघता निघता थांबला होता. "वर हातभर बर्फ चढलाय. सकाळपासून हललेली नाही."

"आज त्याला वर कुणी पाहिलं?"

लिफ्टवर माणसे बसवणारे दोघे एकमेकांकडे पाहू लागले. ऑग्डेनने हंडी हळूच बाकावर ठेवली.

"डेल्फा, मी सांगू का," तो म्हणाला, "आजचं सोड. मी ह्या महिन्यात हॉलिसला लिफ्टवर पाहिलेलाच नाही. मला वाटलं, मीच उशिरा येतोय."

"ते एकटे जातात," मी म्हणालो. "मागच्या अंगानं. त्यांना गर्दी आवडत नाही." माझा आवाज मला परका वाटला. मी एरवी इतक्या लोकांसमोर बोलत नाही. "कसाईवर असतील. सकाळी विचारत होते मला."

डेल्फाने टेबलावरचा फोन जवळ ओढला. "एकदा खिंडीपलीकडं विचारून घेते. क्राऊन रिजला. उगाच आपलं, खात्री म्हणून."

"कुणाला? बाबांना? क्राऊन रिजवर?" मी हसलो. ते हसणे अजून माझ्या कानात आहे. "डेल्फा, तू त्यांना ओळखतेस ना? मेले तरी ते तिकडं पाऊल टाकायचे नाहीत."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचा हात फोनवर होता. मग भिंतीवरच्या त्या फोटोकडे तिची नजर गेली, माझीही गेली, आणि तिने हात काढून घेतला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "चला. दिवे घ्या. सळया घ्या. वेळ घालवू नका."

अंधारून येत होते. आम्हाला वर नेण्यासाठी लिफ्ट पुन्हा सुरू केली गेली. खुर्चीत बसल्यावर मला खाली काही दिसत नव्हते, वर काही दिसत नव्हते. फक्त दिव्याच्या उजेडात बर्फ तिरका कोसळत होता, जणू सगळा डोंगरच माझ्या अंगावरून मागे वाहत चालला होता. मी मनातल्या मनात सौदे करू लागलो. ते सापडू देत, मी पुन्हा त्यांच्याशी अबोला धरणार नाही. सापडू देत, मी रोज संध्याकाळी घरी जाऊन त्यांच्याशी बोलेन, काहीतरी बोलेन, हवामानाबद्दल नव्हे. पाय मोडू दे, हात मोडू दे, पण श्वास चालू राहू दे. कुणाशी बोलत होतो कोण जाणे. आमच्या घरात देवाचे नाव आईबरोबरच गेले.

कसाईच्या तोंडाशी माझा दोर तसाच होता. त्याच्यापलीकडे एकही रेघ नव्हती; असती तरी वाऱ्याने पुसली असती. डेल्फाने मला दंडाला धरून मागे ओढले.

"तू नाही. वरून कुणीच नाही. तो थर बघ, सुटायला टेकलाय. खालून जाऊ, वळसा घालून."

वळसा घालून आम्ही घळीच्या पायथ्याशी आलो, आणि तिथे दिव्यांच्या उजेडात आम्हाला तो दिसला. हिमलोट. कसाईतला अर्धा थर सुटून खाली आला होता, केव्हातरी दुपारी, कुणाच्या नकळत. बर्फाची ढेकळे, माणसाएवढी, घोड्याएवढी, एकमेकांवर चढून गोठून बसली होती. मधून एक मोडलेले फरचे झाड आपली मुळे वर करून पडले होते.

माझ्या तोंडून कसला आवाज निघाला मला ठाऊक नाही. डेल्फा म्हणाली, "ओळ धरा." आम्ही ओळ धरली. सळई खुपसायची, काढायची, पाऊल टाकायचे, पुन्हा खुपसायची. मऊ लागले की थांबायचे. बर्फ, बर्फ, खडक, बर्फ. प्रत्येक वेळी सळई खाली जाताना मला वाटे, आता. आणि ती खडकाला लागली की मला सुटल्यासारखे वाटे आणि त्याच क्षणी त्या सुटकेची लाज वाटे.

मग माझी सळई मऊ ठिकाणी रुतली.

"इथं!" मी ओरडलो. "इथं आहेत! बाबा!"

फावडे चालवता चालवता मी ते टाकून दिले आणि हातांनी उकरू लागलो. हातमोजा कुठे गळून पडला कळले नाही. मी त्यांच्याशी बोलत होतो. आलोच, बाबा. हलू नका. रस्सा गरम आहे. ऑग्डेन थांबलाय. आलोच. बर्फाखाली काहीतरी गडद लागले, ओलसर, दबणारे, आणि मी त्याला मिठी मारली. ते शेवाळलेले खोड होते. पोखरून मऊ झालेले जुने लाकूड. मी त्यावर डोके टेकवून तसाच राहिलो. पाठीवर बर्फ साठत असलेला मला जाणवत होता.

"टोबिन," डेल्फा माझ्याजवळ येऊन गुडघ्यावर बसली. "पोरा, ऐक. वरचा अर्धा थर अजून अडकलेला आहे. तो आला तर आपण सगळे खाली. मला माणसं मागं घ्यावी लागतील."

"घे. मी थांबतो."

"तुला एकट्याला सोडून जाईन का मी?"

"जा म्हटलं ना! ते इथंच आहेत! दुसरीकडं कुठं असणार?"

तेवढ्यात तिच्या छातीवरचा वॉकीटॉकी खरखरला. लॉजमधून ऑग्डेनचा आवाज होता. त्याला त्या यंत्रावर बोलायची सवय नव्हती. तो फार मोठ्याने बोलत होता.

"डेल्फा? ऐकू येतंय का? इथं लोर्ना आलीय. बसवाली लोर्ना. ती विचारतेय, हॉलिस पोचला का घरी? म्हणते, परतीच्या बसला आला नाही. ती त्याच्यासाठी थांबली पण होती."

"परतीच्या? कुठून परतीच्या?" डेल्फाने विचारले.

खरखर झाली. मग ऑग्डेन बोलला, आता अगदी हळू.

"क्राऊन रिजहून. म्हणते, रोज जातो."

डेल्फाने माझ्याकडे पाहिले नाही. तिने तिथेच, बर्फात बसल्या बसल्या, ऑग्डेनला क्राऊन रिजला फोन लावायला सांगितले. ती काय बोलत होती ते मला ऐकू येत होते आणि समजत नव्हते. मी त्या खोडाकडे पाहत होतो.

खिंडीच्या रस्त्यावर बर्फ काढणाऱ्या गाडीशिवाय फक्त बसच चढू शकत होती, म्हणून मी लोर्नाच्या बसमधून गेलो. बस रिकामी होती. लोर्ना माझ्या आईच्या वयाची, जाड चष्म्याची, स्टिअरिंगला छाती टेकवून चालवणारी.

"तिथंच बसतो तो," ती आरशातून म्हणाली. "तू बसलायस तिथंच. माझ्या मागं."

मी सीटवरून हात फिरवला.

"मला शपथ घातली होती रे. म्हणाला, लोर्ना, कॅल्डरवर एका माणसाला जरी कळलं तरी मी तुझ्या बसखाली झोपेन. मी म्हटलं, हॉलिस, तू झोपलास तर माझी नोकरी जाईल, त्यापेक्षा बस गपचूप." ती हसायला गेली आणि तिचा आवाज फाटला. "मला काय माहीत, पोरा. मला वाटलं, म्हाताऱ्याची हौस आहे. रोज हंडी ठेवून येतो म्हणायचा. हंडी दिसली की पोरगं निवांत असतं, म्हणायचा."

"कोणत्या उतारावर जायचे?" मी विचारले.

"त्याला पीस म्हणतात. पिसासारखा. सगळ्यात सोपा. चार वर्षांची मुलं असतात तिथं." वायपर एकदा गेला आणि आला. "फार छान वाटतं म्हणायचा. पाय थरथरत नाहीत म्हणायचा. बिस्किट मला आणून द्यायचा, अर्धं."

क्राऊन रिजच्या पायऱ्यांवर खरोखरच बर्फ नव्हता. त्या ओल्या, काळ्या, कोमट होत्या आणि त्यांच्यातून वाफ निघत होती. आतल्या उपचारांच्या खोलीत पिवळा उजेड होता. त्यांना नुकतेच आणले होते. पीसच्या कडेला, लहान फरच्या झाडांत, उताराच्या काठाखाली ते सापडले होते. तिथला गस्तवाला माझ्याच वयाचा होता, स्वच्छ गणवेशातला, अतिशय नम्र. तो मला सांगत होता की दुपारीच कधीतरी तोल गेला असणार, कमरेजवळचे हाड मोडले आहे, रुग्णवाहिका निघाली आहे. म्हणाला, आमची शेवटची फेरी झाली होती, सर, पण त्या काठाखालचे दिसत नाही, आणि ते एकटे आले आहेत हे आम्हाला कसे कळणार? इथे त्यांना ओळखणारे कुणी नव्हते. मग तो थोडा थांबून, माझ्या चेहऱ्याकडे न पाहता म्हणाला, "पावलं गोठली आहेत, पायांचं काही सांगता येत नाही. तासभर आधी फोन आला असता तर..."

मी ते वाक्य पुरे होऊ दिले नाही. मी पडद्याच्या आत गेलो.

ते घोंगड्यांच्या ढिगाखाली होते. चेहरा मेणासारखा, ओठ निळे. लाल जॅकेट खुर्चीवर पडले होते आणि त्याच्या आतल्या बाजूला, अस्तराला, टाचणीने लावलेला क्राऊन रिजचा पास लोंबत होता, बाहेरून कुणाला दिसू नये असा. घोंगडीबाहेर आलेली त्यांची पावले कुणीतरी मऊ कापडात गुंडाळली होती. त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहिले, जणू मला कुठल्या तरी दूरच्या उतारावर उभा असलेला ओळखायचा प्रयत्न करत होते.

"हंडी," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "हंडी बंद केलीस का?"

"ऑग्डेननं केली असेल."

"करपेल."

"नाही करपणार, बाबा."

त्यांचा हात घोंगडीखालून आला आणि माझा हात शोधू लागला. माझ्या बोटांना रक्त लागले होते, नखे मोडली होती. त्यांनी ती बोटे चाचपली.

"कुठं शोधत होतास?"

मला खोटे बोलता आले असते. "कसाईखाली."

त्यांनी डोळे मिटले. कडेने पाणी आले आणि कानाकडे ओघळले. थंडीने डोळ्यांतून पाणी येते; मी आयुष्यभर त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याला थंडीच म्हणत आलो.

"कॅल्डरवर कुणाला सांगू नकोस," ते पुटपुटले.

"नाही सांगत."

बाहेर दिव्यांचा लाल उजेड काचेवर फिरू लागला. रुग्णवाहिकेतली बाई घाईने आत आली, तिने त्यांच्या मनगटावर बोटे ठेवली आणि मागे वळून न पाहताच मला विचारले, "वय काय यांचं?"

मी तोंड उघडले. माझ्या डोळ्यांपुढे तो फोटो आला, दाढीत बर्फ असलेला, आणि क्षणभर मी तिला त्याचेच वय सांगणार होतो. मग मी बाबांकडे पाहिले. उशीवर त्यांचे डोके किती लहान दिसत होते.

"त्र्याहत्तर," मी म्हणालो.

माझे बाबा म्हातारे झाले होते.